उचल खाते

अकरावीला मी वाणिज्य शाखेत गेलो तो आवडीनं नव्हे. दहावीच्या गुणांनी शास्त्र शाखेचं दार आतून लावून घेतलं होतं, आणि कला शाखेचा मुलगा पुढं काय करतो हे आमच्या तालुक्याच्या गावात कुणालाच सांगता येत नसे. शिवाय घरचं किराणा दुकान. "दुकानाला बरंच होईल की," एवढं बोलून आण्णा गिऱ्हाइकाकडं वळले. माझं करिअर मार्गदर्शन ते तेवढंच.

वाणिज्य संघटनाच्या पुस्तकाला जगाकडं बघायची एक ठरीव रीत होती. कुठलीही गोष्ट घ्या, तिला अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे आणि तोटे असायचेच. फायदे आठ असले तर तोटे सहा. 'फरक स्पष्ट करा' आलं की पानाच्या मधोमध रेघ. ती रेघ अशी अंगवळणी पडली की पुढं मुलगी बघायला गेलो तेव्हाही मनातल्या मनात एक पान दुमडून ठेवलं होतं. (तिनंही दुमडलं होतं, असं अलीकडं कळलं. माझ्या बाजूला मुद्दे कमी पडले होते.)

व्याख्या मात्र आपल्या मनानं लिहायची सोय नव्हती. ती कुणाच्या तरी 'मते' असावी लागे. कंपनी म्हटलं की प्रा. हॅने. हे हॅने पुणे विद्यापीठात असावेत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पेपर तपासत असावेत, अशी आम्हा मागच्या बाकांची पक्की समजूत होती. ते अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ आहेत हे कळलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं. इतक्या लांबच्या माणसाचं नाव आम्ही दोन वर्षं चुकीचं लिहीत होतो.

पण खरी गंमत झाली ती एका मंगळवारी, लागोपाठच्या दोन तासांना. पहिला तास संघटनाचा. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'एकल व्यापारी'. एकच मालक, भांडवल त्याचं, नफा त्याचा, जबाबदारी अमर्यादित. म्हणजे धंदा बुडाला तर देणेकरी घराच्या भांड्यांपर्यंत येऊ शकतात. सरांनी खडूनं दोनदा अधोरेखित केलं, की मालक आणि धंदा कायद्याच्या दृष्टीनं वेगळे नसतात. मला ते शिकवायची गरज नव्हती. गावात आण्णांना कुणी आडनावानं ओळखत नसे, दुकानाच्या नावानं ओळखत. एकदा तर पोस्टमननं आमच्या घरच्या लग्नपत्रिकेवरही दुकानाचा शिक्का मागितला होता.

घंटा झाली. पुस्तपालनाचे सर आले आणि त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं: व्यवसाय वेगळा, मालक वेगळा. मालकानं दुकानातून किलोभर साखर घरी नेली तरी ती आपली समजायची नाही. उचल खाते नावे, खरेदी खाते जमा. मी हात वर केला. "सर, मागच्या तासाला तर दोघं एकच होते." सर म्हणाले, "तो तास संपला."

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्हींना गुण मिळतात, हे पचायला मला वर्ष लागलं. कायदा विचारतो, बुडल्यावर पैसे कुणाकडून वसूल करायचे. हिशेब विचारतो, धंदा खरंच चालतोय की घर त्याला आतून खातंय. प्रश्न वेगळे म्हणून उत्तरं वेगळी. पण सोळाव्या वर्षी वाटलं की शिक्षकांच्या खोलीत या दोघांचं पटत नसावं.

पुढं बी.कॉम.ला लंडनचा सालोमन भेटला. जोड्यांचा धंदा करणारा माणूस. त्यानं धंद्याची कंपनी केली. त्या काळी सात सभासद लागत, म्हणून बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक शेअर दिला आणि 20,001 शेअर स्वतःकडं ठेवले. धंदा बसला, देणेकरी त्याच्या मागं लागले, आणि 1897 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की सालोमन वेगळा आणि सालोमनची कंपनी वेगळी. एकाच घरातल्या सात माणसांतून आठवी व्यक्ती निघाली, तिला ना भूक ना मरण. आण्णांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "म्हणजे त्याच्याकडची उधारी मागायला जायचं कुणाकडं?" व्यापारी कायद्यावरचे पुष्कळ जाड ग्रंथ याच एका प्रश्नावर लिहिलेले आहेत.

तर त्या मंगळवारच्या भरात मी शंभर पानी वही घेतली, वर 'श्री' काढलं, खाली लिहिलं 'उचल खाते', आणि दुकानातून घरात काय जातं ते टिपायला लागलो. तूरडाळ अर्धा किलो. गोडेतेल एक किलो. चहा पावशेर. पाव्हणे आले, चहा पावशेर. दर खरेदीच्या भावानं लावायचा, विक्रीच्या नव्हे, हा नियमही पाळला. द्विनोंदी पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा मांडली ती 1494 साली व्हेनिसमध्ये, लुका पाचोली या ख्रिस्ती साधूनं. स्वतःच्या मालकीचं काही न ठेवण्याचं व्रत घेतलेल्या माणसानं जगाला जमा-नावे शिकवावं, यात काहीतरी आहे. मला वाटतं, ज्याला डाळ नेणारी आई समोर दिसत नाही त्यालाच ते निवांत लिहिता येतं.

महिनाअखेर वही आईच्या हाती लागली. तिनं शांतपणे सगळं वाचलं. मग विचारलं, "हे घेतलेलं झालं. दिलेलं कुठं लिहितात?"

"भांडवल खात्यात."

"मग माझ्या दोन पाटल्या लिही. दुकान घातलं तेव्हा मोडल्या होत्या."

मी पेन उघडलं आणि थांबलो. भांडवल खातं मालकाच्या नावानं, आणि एकल व्यापारी म्हणजे आण्णा. आईला धनको म्हणून लिहावं तर ती बाजारातल्या गूळवाल्याच्या ओळीत जाऊन बसणार. भागीदार म्हणावं तर 1932 चा कायदा आडवा. करार पाहिजे, तोंडी चालतो, पण पाहिजे. करारात काही ठरलं नसेल तर नफा-तोटा समान वाटायचा, असंही त्यात आहे, ते मी वाचून दाखवलं. भांडवलावर जास्तीची रक्कम दिली असेल तर 6 टक्के व्याज.

तागडीपाशी आण्णांचा हात थांबला. समोरच्या बाईची साखर तराजूत तशीच राहिली.

"समान?" ते म्हणाले.

"तोट्याचं जमलंय आपलं," आई म्हणाली. "नफ्याचं तेवढं राहिलं."

आण्णांनी पुडीत चमचाभर साखर जास्त टाकली. घाबरले की ते असं करत. मी सोन्याचा तेव्हाचा भाव कुणाला विचारावा या विवंचनेत वहीत डोकं घालून बसलो.

"आणि लिही," आई आत जाता जाता म्हणाली, "तूही. मघापासून शेंगदाण्याच्या पोत्यात हात आहे तुझा."