पाइपवाले नाना

जहाजावर चीफ इंजिनिअर राहून निवृत्त झालेले नाना पाइप ओढतात, असं म्हणणं अर्धवट ठरेल. ते पाइप भरतात, दाबतात, पेटवतात, विझलेला निरखतात आणि उरलेला सगळा वेळ त्याबद्दल बोलतात. असे नाना दादर-पार्ल्यात अजून सापडतात. सोसायटीला एक पुरतो.

त्यांच्याकडे गेलात की चहाच्या आधी तंबाखूची डबी येते. झाकण उघडून ती थेट नाकाखाली. "काय येतंय?" ही तोंडी परीक्षा. घाबरत "धूर" म्हणालात तरी अर्धे मार्क पदरात पडतात, कारण मिश्रणात लाटाकिया असतो आणि तो मुळी लाकडाच्या धुरावरच सुकवतात. नाव सीरियातल्या बंदराचं, माल बहुधा सायप्रसचा. बाकीचे मार्क व्हर्जिनियाची गोडी आणि पेरिकची मिरमिर ओळखण्याचे. पेरिक लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यातला, पिंपात दाबून महिनोन्महिने आंबवलेला. घरात लोणचं कधी घातलं जातं हे नानांना ठाऊक नसतं. पेरिकची पिंपं मधूनमधून उघडून हवा का देतात, हे मात्र तोंडपाठ.

मग भरणं. पहिली चिमूट लहान मुलाच्या हातानं दाबावी, दुसरी बाईच्या आणि तिसरी पुरुषाच्या, ही पाइपवाल्यांची जुनी शिकवण नाना दर वेळी ऐकवतात आणि तिन्ही चिमटी इंजिनरूमच्याच अंगठ्यानं ठासतात. ओढ बसते कुठली? पुन्हा उकरा, पुन्हा भरा. पहिली काडी नुसती वरचा थर काळा करायला, ती हिशेबात धरायची नाही. दुसरी खरी. तिसरी लागते, कारण नेमका तेव्हाच काकूंना उकडतं आणि त्या पंखा लावतात.

"धूर गिळायचा नाही. घाई केली की जीभ पोळते," नाना बजावतात. त्यांची जीभ कधीच पोळत नाही. पाइप केव्हाच विझलेला असतो आणि विझलेल्या पाइपातून त्यांना सुकं अंजीर, चामडं, मग अगदी शेवटी देवदार असं एकेक लागत असतं. काकूंना या सगळ्यात फक्त जळकी वायर येते. एकदा तर त्यांनी मेन स्विचच बंद केला. डॉक्टरांना नानांनी "मी ओढत नाही, चाखतो" असं समजावून पाहिलं; डॉक्टरांनी शांतपणे तोंडाच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी कडक झाली आणि नाना क्लबातून बाल्कनीत आले. वरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांनी तिथूनही हुसकलं. आता फाटकाबाहेर, वॉचमन मामांच्या शेजारी. नाना दुसऱ्या काडीवर असतात तोवर मामांचं मळून, थापटून, दाढेखाली सारून झालेलं असतं. परवा त्या अडाणी घाईची कीव येऊन नानांनी आपल्या डबीतली चिमूट मामांच्या तळहातावर ठेवली. भाच्यानं लंडनहून आणलेली! मामांनी तिला निमूटपणे चुना लावला.

"काय येतंय?" नानांचा श्वास रोखलेला.

मामांनी बाजूला थुंकून तोंड पुसलं. "नाना, माल जळालाय. पावती असंल तर परत करा."