वावधनाची पूर्वतयारी

भूगोलाच्या निवृत्त मास्तराला दोन गोष्टी फार छळतात. समोर वर्ग नसणं आणि घरात वाय-फाय असणं. माझ्या वाट्याला दोन्ही आल्या. त्यात माझा भाचा फ्लोरिडात, टॅम्पाला राहतो. तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असतो. मिरगाच्या आधी आपल्याकडे लोक बियाण्याच्या दुकानासमोर रांगा लावतात, तशा तिकडे पाणी, बॅटऱ्या आणि प्लायवूड यांच्यासाठी लागतात म्हणे. यंदा भाच्यानं 'वादळासाठी घर कसं सज्ज करावं' अशी सचित्र यादी घरच्या ग्रुपवर टाकली. बाकीच्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवून विषय संपवला. मी यादी वाचली.

तळेगाव श्यामजी पंत कुठे आणि चक्रीवादळ कुठे, असं कुणीही म्हणेल. गाव नागपूर-अमरावती महामार्गावर, तालुका आष्टी, जिल्हा वर्धा, पश्चिमेला वर्धा नदी, भोवती संत्र्याचे बगीचे. कोणत्याही दिशेनं निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. चक्रीवादळ जगतं ते गरम समुद्राच्या वाफेवर. जमिनीवर चढलं की त्याचा दाणापाणी तुटतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं. रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळी त्यानं आडव्या केल्या, घरांचे पत्रे उडवले. दुसऱ्या दिवशी ते पश्चिम विदर्भापर्यंत आलं खरं, पण पार हातपाय गाळून. थोडक्यात, आमच्याकडे वादळं येतात ती पेन्शन घेऊन.

हे सगळं मीच वर्षानुवर्षं शिकवलेलं. पण माझ्या हाती एक दुसरा पुरावा होता. इमारतींवर वाऱ्याचा किती भार धरायचा, हे सांगणारं एक भारतीय मानक आहे, आय. एस. ८७५, भाग तिसरा. त्यात देशाचा नकाशा आहे आणि शहरांची यादी आहे. पुण्याला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर. मुंबईला ४४. आणि नागपूरला? तेही ४४! म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. अमेरिकेत ताशी ११९ किलोमीटरला वादळाला 'श्रेणी एक'चा दर्जा मिळतो. तिथे तो वेग मिनिटभराच्या सरासरीनं मोजतात आणि आपला हा आकडा तीन सेकंदांच्या झोताचा, पन्नास वर्षांतून एखाद्या वेळचा. पण एवढा बारकावा मी चहाच्या टपरीवर सांगत बसलो नाही. "मुंबई आणि आपण वाऱ्याच्या बाबतीत सारखे," एवढंच सांगितलं. टपरीवर शांतता पसरली. मला वर्गाची आठवण झाली.

शिवाय २०१६ च्या डिसेंबरात चेन्नईवर 'वरदा' नावाचं चक्रीवादळ आदळलं, तेव्हा पुण्याच्या मेहुणीनं फोन करून विचारलं होतं, "भाऊजी, वर्धेच्या वादळात तुम्ही सगळे ठीक ना?" ते नाव पाकिस्ताननं सुचवलेलं होतं आणि वादळ हजारेक किलोमीटर लांब होतं. पण काळजी करणारं माणूस मिळालं की त्याची काळजी नाकारू नये, या मताचा मी आहे. मी म्हटलं, "सध्या तरी ठीक आहोत."

यादीतला पहिला मुद्दा होता, खिडक्यांना बाहेरून प्लायवूड ठोका. त्याचं कारणही पहिल्याच पानावर दिलं होतं. उडत आलेल्या वस्तूंनी काच फुटते, वारा आत घुसतो आणि आतून छपराला वर ढकलतो. मी तिसऱ्या पानावरची आकृती पाहून काम सुरू केलं. आमच्या खिडक्यांना काचाच नाहीत. आजोबांच्या वेळची सागाची जाड दारं आहेत, आतून कडी, बाहेरून गज. ती लावली की झालं. सुतारानं हे दोनदा सांगून पाहिलं. मग मजुरी मिळणारच आहे हे लक्षात येऊन तो गप्प बसला.

अडचण निघाली ती मधल्या खोलीत. तिथल्या खिडकीत कूलर होता. नवतपा सुरू होता. २५ मेपासूनचे हे नऊ दिवस विदर्भात माणसं कूलरसमोरून उठतात ती केवळ कूलरमध्ये पाणी टाकायला. मी कूलर उतरवून अंगणात ठेवला आणि खिडकी बंद केली.

"अजी, हे काय करून राह्यले?" सौभाग्यवती म्हणाल्या.

"वादळाची तयारी."

"वादळ येईन तवा येईन. आज जीव जाऊन राह्यला, त्याचं काय?"

यादीत उष्माघाताचा मुद्दा नव्हता, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

प्लायवूड ठोकलेलं घर रस्त्यावरून कसं दिसतं, याचा विचार यादी करणाऱ्यानं केलेला नाही. गावात आधी बातमी पसरली की आम्ही पुण्याला मुलाकडे गेलो. मग पसरली की बँकेनं घराला सील ठोकलं. टपरीवाल्यानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सर, कर्जाचं काई होतं तर आमाले सांगाचं होतं. गावानं काढले असते." एक गृहस्थ तर अंगणात पावलं टाकून प्लॉट मोजून गेले. लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे दाराखालून पत्रिका सरकवून परत फिरले. ती सापडली तेव्हा लग्न लागून पंगती उठल्या होत्या.

दुसरा मुद्दा, न्हाणीतला टब पाण्यानं भरून ठेवा. वीज गेली, पंप बंद पडले, तर संडासात टाकायला पाणी हवं, हा हेतू. आमच्या न्हाणीत टब नाही. मी तिथे आडवा झालो तर पाय सांदवाडीत येतील. म्हणून घरातले ड्रम, गुंड, गंज, बादल्या, जुनी कढई, जे जे पाणी धरू शकेल ते ते भरलं. नळ येईल तेव्हा सगळं घर कामाला लावत होतो. पिण्याचं पाणी कोणतं आणि वादळाचं कोणतं, यावरून रोज वाद होत होता. आठवडा उलटल्यावर आशाताई सर्वेक्षणाला आल्या. त्यांनी ड्रममध्ये बॅटरी मारली आणि मला बोलावलं. पाण्यात बारीक अळ्या उड्या मारत होत्या.

"सर, डेंग्यूचा डास साफ पाण्यातच होते. आठ-दहा दिवसांत उडाले तयार. हप्त्यातून एक दिवस सारे भांडे कोरडे कराचे असते," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली करून, "तुमीच आमाले शाळेत फलकलेखनात लिवाले लावत होते."

माझा पाणीसाठा कढीपत्त्याच्या बुडाशी ओतला गेला. यंदा कढीपत्ता उत्तम आला आहे.

तिसरा मुद्दा, न नासणारं अन्न साठवा. यासाठी मी मुद्दाम अमरावतीला गेलो. बिस्किटं आणली, नूडल्सची पाकिटं आणली, हँडल फिरवून चालणारा रेडिओ आणला. घरात गच्चीवर जुन्या लुगड्यांवर कुरडया, सरगुंडे, मूगवड्या वाळत होत्या. कोठीत गहू आणि तुरीची डाळ ऊन दाखवून भरलेली होती. लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले होते. पऱ्हाट्या-तुराट्या ताडपत्रीखाली रचलेल्या होत्या. आमच्याकडे असलेल्या सासूबाईंनी कंदिलाची काच राखेनं पुसून वात कातरून ठेवली होती. हे सगळं दरवर्षीचंच असल्यामुळे मी ते तयारीत धरलं नाही. बिस्किटं नातवंडांनी त्याच आठवड्यात संपवली. रेडिओचं हँडलही त्यांनीच.

आता टिनांकडे येतो. आमचं मधलं घर स्लॅबचं, पण पुढची ओसरी आणि मागचं स्वयंपाकघर यांवर टिनं. वारा छपरावरून वेगानं गेला की वरचा दाब घटतो आणि टिन वर ओढलं जातं. हे मी मिस्तरीला कागदाच्या पट्टीवरून फुंकर घालून दाखवलं. पट्टी उचलली गेली. मिस्तरी कौतुकानं पाहत राहिला.

"बरोबर आहे सर. पण हूक पाहा तुमचे. सारे गंजले. वायसर तर राह्यलेच नाही. कडंनं हूक जवळजवळ मारा लागते, तथंच वारा धरते."

"वजन ठेवू की वरून."

"टिन वरून दाबाचं नसते सर, खालून धराचं असते."

हे वाक्य मी पाठ्यपुस्तकात घातलं असतं. पण हुकांचा, वायसरांचा आणि मजुरीचा हिशेब ऐकल्यावर मला वजनाचा सिद्धांत जास्त शास्त्रीय वाटू लागला. फ्लोरिडाच्या यादीत वाळूच्या पोत्यांचं चित्र होतं. ती पोती दारात पुराचं पाणी अडवायला होती, पण पोती ती पोती. वाळूचा भाव ऐकून मी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत शेतातली काळी माती भरली आणि ओसरीवर ओळीनं मांडली. घराला किल्ल्याचं रूप आलं. स्वयंपाकघरापुरत्या गोण्या उरल्या नाहीत.

इथे आमच्या वादळाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. चक्रीवादळ सभ्य असतं. ते समुद्रात जन्मतं, त्याचं बारसं होतं, उपग्रह त्याच्यावर नजर ठेवतात, कुठे आणि केव्हा पोचणार हे दोन-तीन दिवस आधी कळतं. आमचं वावधन तसं नाही. मे महिन्यात जमीन तापते, बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून ओल येते, दुपारून ढगांचे डोंगर उभे राहतात. मग त्या ढगातली गार झालेली जड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तोच तो वारा. एका गावाची टिनं उडतात आणि शेजारच्या गावात धूळसुद्धा उठत नाही. नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा मिळतो तोही पुढच्या दोन-तीन तासांचा. हे मला ठाऊक होतं. पण यादीत 'वादळाच्या ३६ तास आधी' असा स्वतंत्र रकाना होता आणि त्यातली कामं मी त्या ३६ तासांसाठी राखून ठेवली होती.

वावधन आलं तेव्हा मी टपरीवर ४४ मीटरचा आकडा एका नव्या श्रोत्याला समजावत होतो. खिशात मोबाइल वाजत होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप काढलं आहे, ते मी आवर्जून घेतलेलं. पण मला वाटलं टॅम्पाहून भाचा असेल, बोलू नंतर. तेवढ्यात पश्चिमेला तिवश्याकडून आभाळ पिवळंजर्द झालं. गार झोत आला आणि महामार्गावरचा शुभेच्छांचा एक फ्लेक्स आमच्या डोक्यावरून नागपूरकडे निघून गेला.

मी घरी पोचलो तेव्हा सुतारानं चुकांनी ठोकलेलं प्लायवूड निघायला लागलं होतं. एक फळी माझ्या देखत उठली, शेजारच्या गोठ्यावरून गेली आणि बगीच्यात उतरली. आतली सागाची दारं कडी लावून जागच्या जागी होती. यादीत लिहिलं होतं, घराच्या मधोमध बिनखिडकीच्या खोलीत थांबा. आमच्याकडे तशी खोली एकच, कोठीघर. मी सगळ्यांना आत घेतलं आणि अंधारात तणसावर बसलो. ती आंब्याची अढी होती. बाहेर गारा वाजायला लागल्या. सासूबाईंनी उंबऱ्यातून अंगणात विळा फेकला आणि गारा थांबल्या. त्या थांबणारच होत्या, हे सांगायची ती वेळ नव्हती.

मग पाऊस आला आणि काळ्या मातीनं आपला गुणधर्म दाखवला. ती पाणी पिऊन फुगते, हे सहावीच्या मुलालाही येतं. उन्हानं विरलेल्या गोण्या फुटल्या. ओसरीची पुढची टिनं आधी गोण्यांसह उचलली गेली, मग गोण्यांशिवाय. उरलेल्या टिनांच्या भोकांतून चिखल खाली आला, तो झोपाळ्यावर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर आणि भिंतीवरच्या माझ्या सत्काराच्या फोटोवर.

स्वयंपाकघराचं एक टिनही हललं नाही. मी मानकातल्या कलमांनुसार याचा खुलासा करायला लागलो, तेव्हा सौभाग्यवतींनी वर बोट दाखवलं. कडेनं नवेकोरे हूक, जवळजवळ मारलेले, प्रत्येकाला वायसर. मी अमरावतीला गेलो त्या दिवशी मिस्तरी येऊन गेला होता.

"पैसे कुठून आणले?"

"कूलर बंद होता नं. लाइनीचं बिल वाचलं."

दोन दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आले. त्यांनी ओसरी पाहिली, चिखल पाहिला, अंगणात पडून फुटलेला कूलर पाहिला, चेपलेले आंबे पाहिले. प्लायवूडची फळी शेजाऱ्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला लावली होती, तीही मी लांबून दाखवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि अदबीनं विचारलं, "सर, वाऱ्यानं झालेलं नुकसान कोणतं अन् तयारीनं झालेलं कोणतं, तेवढं अलग अलग सांगा. आम्हाला फक्त वाऱ्याचं लिहिता येते."

वाऱ्याचं दीड ओळीत संपलं. बाकीचं लिहून घ्यायला त्यांच्याकडे रकाना नव्हता. ते मी भाच्याला पाठवणार आहे, त्याच्या यादीत चौथ्या पानावर जागा आहे.