उणे टक्क्यांतले मासे

उजनी धरण डोळ्यांनी न पाहिलेला सोलापूरकर भेटेल, पण आज उजनी किती टक्के आहे हे न सांगू शकणारा भेटणार नाही. पावसाळ्यात टपरीवर कुणी "प्लसमध्ये आली का?" म्हणून विचारलं की परगावच्या माणसाला वाटतं, शेअरबाजाराची चर्चा चालली आहे. उन्हाळ्यात तोच प्रश्न "मायनस किती?" असा होतो. यात मेख अशी, की धरणात मावतं 117 टीएमसी आणि त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी मृत साठ्यात मोडतं. शून्य टक्के तिथून वर मोजतात. म्हणजे शून्यावर पोचलेल्या उजनीतही निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असतं, आणि कागदोपत्री मेलेलं हे पाणीच आमच्या शहराला उन्हाळाभर जिवंत ठेवतं. ते शंभरावर किलोमीटरच्या पाइपातून येतं, भीमेच्या पात्रातून टाकळीपर्यंतही येतं, आणि एवढा प्रवास करून नळाला पोचेपर्यंत दमलेलं असल्यामुळे चार-पाच दिवसांनी एकदाच दर्शन देतं.

अशा पाण्यावर जाऊन मासे धरायचे ही कल्पना अण्णांची. अण्णांचे पूर्व भागात टॉवेलचे माग आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माणसाला घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि संतापल्यावर दोन्ही भाषा लागतात, अण्णा त्यातलेच. "काय बे, वर्षभर पाण्याची वाट बघतो आपण. एकदा आपणच जाऊ की पाण्याकडं," असं ते म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. आम्ही म्हणजे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर, मेडिकलचं दुकान चालवणारा आणि फी न घेता गोळ्या सांगतो म्हणून सगळे ज्याला डॉक्टर म्हणतात तो, पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करणारा इंजिनिअर आणि मी. गाडी इंजिनिअरची. हा तपशील पुढं महत्त्वाचा आहे.

तयारीचं काय सांगावं! अण्णांनी प्रत्येकी एक टॉवेल आणला, कारण त्यांच्याकडं तोच माल. डॉक्टरनं उलटीच्या गोळ्या आणल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदे एवढं घेतल्याशिवाय सोलापूरकर जिल्ह्याबाहेर तर सोडाच, तालुक्याबाहेरही जात नाही. आमिषाची जबाबदारी सरांनी घेतली. सरांचं म्हणणं, गळानं मासे धरण्याचं शास्त्र आपल्याच भागातलं. बाराव्या शतकात इथं कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, आणि त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं 1129च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लास'मध्ये माशांच्या जाती, त्यांना घालायचं खाद्य, गळ, दोरी यांवर प्रकरण आहे. राजानं करायच्या करमणुकींत हत्ती-घोड्यांच्या बरोबरीनं मासेमारी! हे सगळं सरांनी टेंभुर्णीपर्यंत ऐकवलं. मग इंजिनिअरनं विचारलं, "सर, गोळा कशाचा करून आणलाय?" सर म्हणाले, "कणीक आणि शेंगदाण्याचं कूट." सोमेश्वराच्या काळी शेंगदाणा या देशात नव्हताच, पण सोलापुरातल्या सरांना शेंगदाण्याशिवाय खाद्य सुचणार कसं?

जेऊरवरून करमाळा तालुक्यात शिरलो आणि कुगावच्या काठावर पोचलो. पाणी पाहून अण्णा काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एवढं हाय आणि आपल्याला चौथ्या दिवशी!"

होडीवाले मामा पन्नाशीपुढचे. होडी फायबरची आणि मागं डिझेल इंजिन, पूर्वी विहिरीवर असायचं त्या जातीचं, दांडा मारून चालू करायचं. मामांनी आधी नारिंगी जॅकेटं पुढं केली. अण्णा कुरकुरले, "उकाडा बघा की मामा." मामा म्हणाले, "जॅकेट न्हाई तर होडी न्हाई." 21 मे 2024च्या संध्याकाळी कळाशी ते कुगाव याच पाण्यात वादळी वाऱ्यानं होडी उलटून सहा जण गेले. त्या काठावर उभं राहून उकाड्याची सबब सांगायला अण्णांनाही पुढं तोंड उरलं नाही. मुकाट्यानं सगळ्यांनी पट्टे आवळले.

मासेमारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उजनीत रोहू, कटला, मरळ, वाम अशी सगळी मंडळी आहेत असं आम्ही ऐकून होतो. आमच्या गळाला तळहाताएवढी चिलापी लागली, तीही एकच. चिलापी मूळची आफ्रिकेची. 1952मध्ये भारतात आणली आणि आता ती अशी वावरते की बाकीचे मासेच परके वाटावेत. अण्णांनी तिला बादलीत सोडून तिचे निरनिराळ्या कोनांतून फोटो काढले. इंजिनिअरनं शेजारी काडेपेटी ठेवायला जाऊन मासा लहान दिसतोय म्हणून ती लगेच काढून घेतली.

एवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

इंजिन बंद पडल्यावर मराठी माणसाचं खरं शिक्षण बाहेर येतं. प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या शेतावर मोठा झालेला, त्यामुळे प्रत्येकाला निदान माहीत. "एअर धरलाय," डॉक्टर म्हणाला. "डिझेलमध्ये पाणी गेलंय," अण्णा म्हणाले. इंजिनिअर म्हणाला, "बंद करून परत चालू करून बघा." यावर मामांनी त्याच्याकडं इतक्या शांतपणे पाहिलं, की तो पुढं बराच वेळ मोबाइलमध्येच पाहत राहिला. सरांनी वाफेच्या इंजिनाचा इतिहास काढला तेव्हा अण्णांनी त्यांच्या तोंडात भाकरीचा तुकडा दिला.

निदान डॉक्टरचंच बरोबर निघालं. मामांनी पाइपाचा नट ढिला केला, बुडबुडे येईनासे होऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत पंप मारला, नट आवळला, दांडा फिरवला, आणि धुराचा लोट सोडत इंजिन सुरू झालं. डॉक्टरला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी खरोखरचा डॉक्टर म्हणाल्यासारखा आनंद झाला. तो इतका फुलला, की "आता जरा दाबा मामा" असं हुकमी आवाजात म्हणाला. मामांनी दाबलं. दहा-वीस वाव गेलो असू, खालून खर्रर्र झालं आणि होडी जागच्या जागी गिरकी घेऊन थांबली. कुणाचं तरी तुटून वाहत आलेलं नायलॉनचं जाळं पंख्याला गुंडाळलं होतं, वर जलपर्णीचा भारा. पंख्याची पिन गेली होती. पिन कुठं मिळेल, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "घरी हाय."

मग वाऱ्याचं राज्य. दुपार कलली की उजनीवर वारा उठतो, आणि तो विचारत नाही तुम्हाला कुठं जायचंय. वल्हं एकच होतं. मामा ते मारत होते आणि आम्ही पाचजण एकमेकांना "हलू नका" असं सांगत हलत होतो. पोहता येतं का, हा विषय तेव्हा निघाला. अण्णा म्हणाले, "लहानपणी विहिरीत पोहायचो की." किती लहानपणी, ते त्यांनी सांगितलं नाही. सरांचे ओठ हलत होते. ते सिद्धेश्वराला काही बोलत होते. पाण्याची बाटली एकच उरली होती, आणि भोवती कित्येक टीएमसी. ती बाटली आम्ही ज्या काटकसरीनं फिरवली, तेवढी सवय सोलापूर सोडून दुसऱ्या कुठल्या शहराच्या माणसाला असेल असं वाटत नाही.

अखेर होडीचं बूड कशावर तरी खरवडलं आणि ती थोडी कलून बसली. "गेली!" असं अण्णा तेलुगूत ओरडले. आम्ही डोळे मिटून जॅकेटं घट्ट धरली. छप्पकन आवाज आला. डोळे उघडले तर मामा पाण्यात उतरलेले, आणि पाणी त्यांच्या गुडघ्याला!

"घाबरू नका पावणं," ते होडीभोवती निवांत फेरी मारत म्हणाले, "चुलत्याच्या वाड्यावर आलोय."

उजनीचं काम 1980च्या सुमारास पुरं झालं आणि भीमेच्या दोन्ही काठांची गावं पाण्याखाली गेली. माणसं वर उठून आली, दगड तिथंच राहिले. टक्के उण्यात गेले की वाडे, देवळं डोकं वर काढतात. पळसदेवचं जुनं देऊळ बघायला तर लोक गाड्या करून येतात. पण वर आलेला वाडा लांबून पाहणं निराळं आणि वर न आलेल्या वाड्यावर होडी अडकणं निराळं. मामांचं लहानपण या वाड्यात गेलेलं. पाण्याखालचं एकूण एक जोतं त्यांना पाठ होतं.

थोड्या वेळानं कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी होडी दिसली. मामांनी टॉवेल हलवला (अण्णांचा माल अखेर कामी आला). होडी वळली, पण दूरच थांबली. दगडांमुळे तिला जवळ येणं शक्य नव्हतं. "तुम्हीच चालत या," तिकडून हाक आली.

मग जी मिरवणूक निघाली ती त्या होडीतल्या लोकांना जन्मभर पुरेल. हातात गळ, डोक्यावर भाकरीची पिशवी, अंगात नारिंगी जॅकेट, आणि मागून मामांच्या सूचना. "ओसरीवरनं सरळ या. हां. आता उंबरा हाय, पाय उचला." सरांनी पाय उचलला. "डावीकडं जाऊ नका, तिथं आड हाय!" सगळे एकदम उजवीकडं सरकले. "तिकडंबी नको, देवघर हाय ते!" सर पाण्यात उभे राहून वाकले आणि पायातले बूट काढू लागले. अण्णांनी मागून विचारलं, "सर, काय करताय बे?" सर म्हणाले, "देवघर म्हणाले ना." शेवटी माजघर ओलांडून, परसदाराशी आम्ही होडीत चढलो. समोर एका पडक्या भिंतीवर राखी बगळा उभा होता. आमच्यादेखत त्यानं तीन मासे उचलले. बादली मामांच्या होडीतच राहिली होती; चिलापीचं पुढं काय झालं कळलं नाही.

त्या होडीत दोन मोटारसायकली, एक शेळी आणि केळीचे घड होते. शेळी सोडून सगळ्यांनी विचारलं, "किती घावले?" आम्ही सगळे एकदम वाऱ्याविषयी बोलू लागलो.

कळाशीच्या काठावर उतरल्यावर इंजिनिअरनं खिशातून किल्ली काढली आणि तिच्याकडं पाहत राहिला. गाडी पलीकडं, कुगावला. आम्ही इंदापूर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात. "परतीची फेरी?" "वारा बघताय न्हवं? आता उद्या." पाण्यावरून समोर दिसणारं गाव रस्त्यानं गाठायचं तर धरणाला वळसा. एकजण जीप घेऊन यायला तयार झाला. हायवेवरून टेंभुर्णी, तिथून जेऊर, तिथून कुगाव. पैसे ठरले.

सगळं सुरळीत व्हायचं. पण जीपवाल्यानं सहज विचारलं, "कुठले?" आणि सरांनी ताठ मानेनं सांगितलं, "सोलापूर."

"म्हंजे आमचं पाणी पिणारे."

इथं गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण दिवसभर भीतीनं गप्प असलेल्या सरांना आता जमिनीवर आल्यामुळे कंठ फुटला होता. त्यांनी 2021 काढलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सांडपाण्याच्या नावाखाली उजनीतलं पाच टीएमसी इंदापूरला द्यायचं ठरलं, सोलापुरात आंदोलन पेटलं आणि मे महिन्यात तो निर्णय रद्द झाला, हे त्यांनी तारीखवार सांगितलं. जीपवाला म्हणाला, "रद्द कुणी केला? बुडाली आमची जिमीन, आन् पाणी पिणार तुम्ही?" सर म्हणाले, "करमाळ्याची नाही बुडाली?" अण्णा म्हणाले, "आम्हाला तरी कुठं मिळतंय बे, चौथ्या दिवशी!" डॉक्टरनं दोघांना गोळी देऊ केली. पळसदेवपासून इंदापूरपर्यंत टीएमसी हवेत उडत होते. आमच्या होडीखाली दिवसभरात गेलं नसेल एवढं पाणी त्या जीपमध्ये वाटून झालं.

भीमानगरला, धरणाच्या खालच्या अंगाला, हायवे भीमा ओलांडतो आणि सोलापूर जिल्हा सुरू होतो. पूल ओलांडल्याबरोबर जीपवाल्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. "हा घ्या तुमचा जिल्हा. उतरा."

"पण कुगाव ठरलं होतं!"

"तुमचं पाणी तुमी न्या, तुमचं तुमी जावा." पैसे मात्र त्यानं कुगावपर्यंतचे घेतले. त्यावर सर वाद घालणार होते. अण्णांनी त्यांचं तोंड या खेपेला टॉवेलनं बंद केलं.

अंधार पडला होता. ओल्या पँटी, हातात गळ. येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या दिव्यात आमच्याकडं पाहून कुणी थांबत नव्हतं, आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. मग लांबून पाटी दिसली: सोलापूर. एसटी. इंजिनिअरनं आमच्याकडं पाहिलं, मग किल्लीकडं, मग परत आमच्याकडं. "मला एकट्याला कुगावला नाही हं सोडायचं," तो म्हणाला.

"येड्या, आम्ही सोडू काय तुला?" अण्णा म्हणाले आणि पहिल्या पायरीवर चढले. सर चढले. डॉक्टरनं त्याच्या हातात गोळ्यांची पट्टी ठेवली आणि चढला. मी खिडकीची जागा धरली. कंडक्टरनं गळांकडं बघत विचारलं, "हे लगेज कुणाचं?" आम्ही सगळ्यांनी खाली उभ्या असलेल्या इंजिनिअरकडं बोट दाखवलं. त्यांनी ते त्याच्या हातात दिले आणि डबल बेल मारली.