ऑइल कुणाचं घालता?

भिवंडीत माणसाला त्याचा पक्ष खुशाल विचारावा. पण अंजूरफाट्याच्या टपरीवर "ऑइल कुणाचं घालता?" विचारायचं असेल तर आधी चहा संपवावा, पुढच्या गदारोळात तो सांडतोच. एक पंथ सर्वोवाल्यांचा, एक कॅस्ट्रॉलवाल्यांचा, एक मॅकवाल्यांचा. जेसीबीवाले सोवळ्यातले: मशीन बनवणाऱ्या कंपनीचंच ऑइल, परक्याचा थेंब चालत नाही.

पुरावा प्रत्येकाकडे असतो आणि तो नेहमी मेव्हण्याच्या ट्रेलरचा असतो. मेव्हण्याने ब्रँड बदलला नि महिन्याभरात इंजिन बसलं. एअर फिल्टर फाटलेला होता, पावडरीसारखी धूळ आत जात होती, असल्या किरकोळ बाबी साक्षीत येत नाहीत.

ऑइलच्या बादलीच्या मागे बारीक अक्षरांत १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ प्लस किंवा सीके-४ असं काहीबाही असतं. इंजिनाला कळतं ते एवढंच. पुढचं चित्र मालकासाठी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यांत जास्त राख सोडणारं जुन्या प्रतीचं ऑइल ओतलं की तो तुंबत जातो, मग बादलीवर शिक्का कुणाचाही असो. पण मागचं वाचायचं तर भरलेली २० लिटरची बादली फिरवावी लागते. कोण फिरवणार?

त्यात, "दोन दिवसांत काळं पडलं, डुप्लिकेट आहे!" ही बोंब. अहो, काजळी अंगावर घ्यायची आणि इंजिनात साचू द्यायची नाही, याचेच तर त्याला पैसे दिलेत. डुप्लिकेट माल असतो, नाही असं नाही. भंगारात गेलेल्या रिकाम्या बादलीत पुन्हा काय भरलं जातं ते देव जाणे. म्हणून जाणती माणसं बादलीला भोक पाडून मगच ती विकतात. बाकीच्यांची अडचण निराळी आहे: भोक पाडलं तर घरी पाणी कशात भरायचं? मिस्त्रीची निवड मात्र निःपक्षपाती. झाकणाखाली कूपन ज्याचं, ऑइल त्याचं.

खरी गंमत मानकोली नाक्यावर. जेसीबीला तासांचा मीटर असतो. ठरलेले तास भरले की ऑइल बदलायचं. ट्रकवाले शेठ मोजतात किलोमीटर. गाडी नाक्यावर अडकते, मग गोदामाच्या रांगेत उभी राहते, इंजिन आपलं चालूच. किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही आणि आत ऑइलचं आयुष्य सरत राहतं. ड्रायव्हरने आठवण केली की शेठ मीटर दाखवतात: "गाडी चाललीच कुठे? बदलायचं कशाला?" त्यांच्या हिशेबाने भिवंडीतली वाहतूककोंडी ही ऑइलची शुद्ध बचत आहे. ठाणे-वडपे आठपदरीकरणाच्या बातम्या आल्या की ते अस्वस्थ होतात. गाड्या खरंच चालायला लागल्या तर खर्च केवढा वाढेल!