टोकनसेठ

गोंदियात जुन्या गाड्यांचा धंदा करणारे सगळेच टोकनसेठ नसतात, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर बालाघाट रोडपासून फुलचूरपर्यंत प्रत्येक ऑटो डीलच्या दुकानात हा लेख मोठ्याने वाचला जाईल आणि जो तो समोरच्या दुकानाकडे बोट दाखवील. टोकनसेठ म्हणजे कोणी एक इसम नव्हे. घरगुती माणसाची गाडी ‘घेतली’ म्हणून जाहीर करायची, हात मिळवायचा, चहा प्यायचा, किल्ली खिशात टाकायची आणि तीन आठवड्यांनी “जमून नाही राहिलं गुरुजी” म्हणत तीच किल्ली परत टेबलावर ठेवायची, ही ज्याची रीत तो टोकनसेठ. त्याच्यामुळे पोळलेले लोक त्याला लबाड म्हणतात. मला ते पटत नाही. लबाडाला बेत आखावा लागतो, कोणाला काय सांगितले ते लक्षात ठेवावे लागते, रात्री जागावे लागते. टोकनसेठला गाढ झोप लागते, कारण “घेतो” म्हणाला त्या घटकेला त्याला ती गाडी खरोखरच घ्यायची असते. अडचण एवढीच की तो आधी गिऱ्हाईक शोधतो आणि मग गाडी घेतो. मधले जे पंधरा-वीस दिवस लागतात ते गुरुजींचे असतात. माझे म्हणणे असे की टोकनसेठचा खरा माल हे दिवसच आहेत, आणि ते इतके स्वस्त मिळतात म्हणूनच तो शब्द फिरवतो. स्वभावाचा दोष त्यात फार थोडा.

पुरावा म्हणून त्याची गाडी पाहण्याची पद्धत घ्या. ती एक विद्या आहे आणि तिला नमस्कारच केला पाहिजे. तो रंगाकडे पाहत नाही. दरवाजा उघडून कडेचे रबर दोन बोटांनी ओढतो आणि आतल्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे बारीक गोल ठिपके मोजल्यासारखे पाहत जातो. कंपनीचे ठिपके सरळ रेषेत असतात, गॅरेजवाल्याचे नसतात. मग मडगार्डवर बोटाच्या पेराने टकटक. पत्रा वेगळा वाजतो, पुट्टी भरलेली जागा वेगळी वाजते, आणि तो फरक त्याच्या कानाला जितका कळतो तितका गुरुजींच्या डोळ्यांनाही कधी कळलेला नसतो. ऑइलचे झाकण काढून हुंगतो, पायाखालची मॅट उचलून पावसाच्या गाळाचा माग काढतो, शेवटी एक्सलेटर दाबून सायलेन्सरचा धूर बघतो. पंधरा मिनिटांत गाडीची कुंडली तयार. आता जो माणूस इतके पाहतो त्याने तीन आठवड्यांनी “गुरुजी, गाडी ठोकलेली निघाली” असे म्हणावे, हे कोणत्या तर्कात बसते? ठोकलेली असेल तर पहिल्याच दिवशी दिसली, आणि दिसली म्हणूनच भाव वीस हजारांनी पाडला. म्हणजे माघार घेण्याचे कारण गाडीत नाही. ते गाडीबाहेर, बहुधा आमगावला किंवा बालाघाटला बसलेले असते, आणि त्याला धंद्याच्या भाषेत ‘पार्टी’ म्हणतात.

पार्टी येईपर्यंत गाडी अडवून ठेवायची कशी? त्यासाठी टोकन. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसे हे आहे. फरक इतका की एसटीत रुमाल टाकणारा निदान चढतो तरी. समजा साडेतीन लाखांचा सौदा ठरला. टोकनसेठ पाच हजार टेबलावर ठेवतो; तेही मोजताना नोटांचा आवाज व्हावा म्हणून शंभरांत. बदल्यात तो काय नेतो ते पाहा: गाडी, दोन्ही किल्ल्या, आरसी, विम्याचा कागद, आणि २९ व ३० नंबरच्या फॉर्मांवर गुरुजींच्या सह्या. फॉर्म कोरे. घेणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी, तारखेची जागा रिकामी. “तुम्हाला पुन्हा पुन्हा कशाला त्रास,” हे त्यामागचे सौजन्य. संध्याकाळपर्यंत गाडीचे फोटो ग्रुपवर पडतात: फर्स्ट ओनर, ३५ पासिंग, डॉक्टरने वापरलेली. गुरुजी झेडपीच्या शाळेत आहेत, पण डॉक्टरच्या गाडीला भाव बरा येतो.

इथून पुढे कारणांचा हंगाम सुरू होतो. टोकनसेठची एकही सबब खोटी नसते, आणि त्याच्याशी भांडता येत नाही ते यामुळेच. “धानाचे चुकारे आले की पार्टी रक्कम देते.” खरे आहे; आधारभूत केंद्रावर धान मोजून झाले तरी पैसे खात्यात यायला वेळ लागतो आणि इथल्या अर्ध्या खरेद्या त्याच तारखेवर टांगलेल्या असतात. “पितृपक्षात कोणी गाडी उचलत नाही.” तेही खरे. “पार्टी बालाघाटची आहे, एनओसी काढावी लागल.” अगदी खरे, राज्याची हद्द शहरापासून हाकेच्या अंतरावर असल्याने ३५ची गाडी मध्यप्रदेशच्या ५० नंबरात जाणे इथे नवलाचे नाही, आणि त्याला २८ नंबरचा फॉर्म, तिकडचा टॅक्स, सगळेच लागते. पण ही सारी पार्टीची कारणे आहेत. पार्टीला चुकारे मिळाले नाहीत तर टोकनसेठने गुरुजींचे पैसे का अडवावेत? हा प्रश्न विचारला की टोकनसेठची भूमिका बदलते. किल्ली घेताना “मी घेतली” म्हणणारा तो पैशांच्या दिवशी “मी तर मधला माणूस” होतो. त्याला लबाडी म्हणू नका, ती सोय आहे: खरेदीदाराला पैसे द्यावे लागतात, मधल्या माणसाला फक्त कमिशन घ्यावे लागते.

आणि ही सोय कायद्यानेही नकळत पुरवली आहे. १९३०चा मालविक्री कायदा म्हणतो की ठरलेली, देण्याजोगी वस्तू बिनशर्त विकली की पैसे नंतर द्यायचे ठरले असले तरी मालकी सौद्याच्या वेळीच पालटते. घेणारा नाकारू लागला तर नुकसानभरपाईचा दावा करता येतो. या हिशेबाने गाडी त्याच दिवशी टोकनसेठची झाली. पण १९८८चा मोटार वाहन कायदा विचारतो, आरसीवर नाव कोणाचे? गुरुजींचे. मग अपघात झाला तर तोंड द्यायचे गुरुजींनी, आणि सिग्नल तोडल्याचे चलान येणार तेही गुरुजींच्याच मोबाइलवर. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात हेच सांगितले. २००७ साली विकलेली गाडी हातोहात फिरत गेली, २००९च्या मे महिन्यात अपघात झाला, पण दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. भरपाईची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडली. पैसे येण्यापुरती गाडी टोकनसेठची, संकट येण्यापुरती गुरुजींची. ग्राहक आयोगात जावे म्हटले तर तिथेही दार अरुंद: ग्राहक म्हणजे घेणारा, आणि गुरुजी विकणारे. राहिला दिवाणी दावा. त्यात लागणारी वर्षे आणि वकिलाची फी मनातल्या मनात गुणून गुरुजी गप्प बसतात. टोकनसेठने तो गुणाकार त्यांच्याआधीच केलेला असतो.

यावर धंद्यातले लोक जे म्हणतात त्यात तथ्य नाही असे नाही. लहान डीलर उसनवारीवर चालतो. चार गाड्या रोखीने घेऊन उभ्या केल्या तर व्याजातच मरेल. कबूल. पण मग पंधरा दिवसांची मुदत उघड मागावी आणि तिची किंमत द्यावी. भांडवलाची टंचाई गुरुजींच्या अंगणातून का भागवायची? दुसरे म्हणतात, घरगुती विकणारेही काही साधू नसतात, तेही मीटर मागे फिरवतात, दुसरीकडे पाच हजार जास्त मिळाले की टोकन परत करतात. हेही खरे. मात्र विकणारा फिरला तर टोकनसेठचे टोकन परत मिळते आणि त्याच्या नावावर एकही चलान आलेले नसते. टोकनसेठ फिरला तर मधल्या काळात गाडी त्याच्या भाच्याला घेऊन डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला जाऊन आलेली असते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: गोंदिया केवढे शहर, इथे शब्द फिरवणाऱ्याचे नाव दोन दिवसांत खराब होते. होते, पण कोणात? एका डीलरने दुसऱ्या डीलरला फोनवर तोंडी दिलेला शब्द टोकनसेठ मोडत नाही. कागद नाही, साक्षीदार नाही, तरी ठरल्या दिवशी रक्कम पोचते, कारण त्या माणसाची गरज उद्याही आहे. गुरुजी मात्र आठ-दहा वर्षांतून एकदा गाडी विकणार. तोवर दुकानाचा बोर्डही बदललेला असतो. शब्द पाळणे त्याला येत नाही, असे नाही. कोणासाठी पाळायचा याचा त्याचा हिशेब पक्का आहे.

सरकारलाही हे ठाऊक असावे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन खात्याकडून पाच वर्षांचे प्राधिकारपत्र घ्यायचे आहे, आणि गाडी ताब्यात घेतली की २९-सी नमुन्यात तशी सूचना दोघांच्या नावाने पोर्टलवर द्यायची आहे. ती दिली की पुढच्या भानगडींसाठी मालक म्हणून डीलरच धरला जातो. इतकेच नव्हे, ताब्यातली गाडी गिऱ्हाइकाला दाखवणे, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशाच कामांना रस्त्यावर आणता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. डोंगरगडची फेरी कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न भाच्याला विचारण्यासारखा आहे. गुरुजींनी २९-सीचे नाव काढावे आणि टोकनसेठचा चेहरा बघावा. तो रागावत नाही, दुखावतो. “एवढाही विश्वास नाही का गुरुजी? तुमच्या शाळेत शिकलो मी.” हे वाक्य ऐकून गुरुजी वरमतात आणि कोऱ्या फॉर्मवर सही करतात. मला विचाराल तर सगळ्या व्यवहारातली सर्वांत महाग वस्तू ही सही आहे, आणि ती मागण्याआधी त्याला घासाघीसही करावी लागत नाही.

शेवटी माघारीचा दिवस येतो. गाडी दारात उभी राहते. पेट्रोलचा काटा झोपलेला, मीटर सहाशे किलोमीटर पुढे, मागच्या सीटवर नारळाच्या शेंड्या. टोकनसेठ स्वतः येतो; हे त्याचे सभ्यपण मान्य केले पाहिजे, कित्येक जण पोरगा पाठवतात. टोकन बुडाले असे गुरुजींना वाटते, तर तो हळूच सांगतो की ते पाच हजार त्याचे नव्हते, पार्टीचे होते, आणि पार्टी तगादा लावून राहिली आहे. गुरुजी देऊनही टाकतात. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या डीलरकडे जातात. तो बोनेट उघडायच्या आधीच विचारतो, “ही तर महिनाभर त्यांच्याकडे उभी होती ना? पार्टी काहून परतली?” ग्रुपवर फिरून आलेल्या गाडीचा भाव पडतो, दोष नसला तरी असावा असे धरतात. दुसरा डीलर तीन लाख सांगतो, तिसरा दोन नव्वद. आणि मग एके दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला, टोकनसेठचा फोन येतो. मार्केट फार डाऊन आहे, पण गुरुजी म्हणजे घरचे माणूस, दोन पंच्याऐंशीला तो स्वतः गाडी घेऊन टाकतो. येताना फक्त ते जुने सह्या केलेले फॉर्म सोबत आणा.