उजव्या हाताचा ग्लोव्ह

माझी भाची डावखुरी आहे आणि बेसबॉल खेळते. या खेळात ज्या हाताने चेंडू फेकायचा तो मोकळा ठेवतात आणि ग्लोव्ह दुसऱ्या हातात चढवतात, म्हणजे तिला तो उजव्या हातात हवा. तिच्या संघाच्या किटबॅगेत नऊ ग्लोव्ह आहेत. नऊच्या नऊ डाव्या हाताचे. मग ती काय करते? डाव्या हातातल्या ग्लोव्हने झेल घेते, ग्लोव्ह उजव्या काखेत दाबून हात बाहेर ओढते, चेंडू काढते आणि मग फेकते. तोवर समोरची पोरगी पहिल्या बेसवर पोचलेली असते. परवा सकाळी सहाला मैदानाच्या कडेला बसून मी मोबाइलवर वेळ लावली. दर झेलामागे दोन-अडीच सेकंद जातात. निवड चाचणीत तिच्या नावापुढे शेरा पडला : ‘थ्रो स्लो’.

हे डोक्यात घोळत असतानाच वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये देशांचे संघ कसे उभे राहतात ते वाचत बसलो. २००६पासून ही स्पर्धा होते. एका संघात तीस जण. त्या देशाचा पासपोर्ट खेळाडूकडे असलाच पाहिजे असं नाही, तो मिळण्याचा हक्क असला तरी चालतं. जन्म तिथला असो, आई किंवा वडील तिथले असोत, दार उघडतं. कॅलिफोर्नियात वाढलेला लार्स नूटबार आई जपानी म्हणून २०२३ साली जपानकडून खेळला, आणि जपान जिंकला. २०१७मध्ये इस्रायलच्या संघात बहुतेक अमेरिकेत वाढलेले ज्यू खेळाडू होते. त्या संघाने सोलमध्ये कोरिया, तैवान आणि नेदरलँड्स, तिघांनाही हरवलं. पोरगं कुठेही वाढलेलं असो, आपलं आहे ना, मग बोलवा, असा या देशांचा हिशेब.

आपला हिशेब उलटा. २००८च्या डिसेंबरात केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही आणि परदेशस्थ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड इथे चालत नाही. म्हणजे टेक्सास रेंजर्सचा पिचर कुमार रॉकर, ज्याची आई भारतीय वंशाची आहे, अमेरिकेचं नागरिकत्व सोडल्याशिवाय आपल्या यादीत येऊ शकत नाही. बरेच जण या नियमावर चिडतात. मी चिडत नाही. राहू द्या तो. पण हा नियम केला त्या दिवशी सरकारने एक जबाबदारीही अंगावर घेतली. बाहेरून तयार खेळाडू आणायचा नाही असं ठरलं, तर मग इथल्या मैदानावरचं पोरगं तुम्हालाच घडवावं लागेल. त्याच्याकडे दुसरा देश नाही. आणि आपण त्याला उजव्या हाताचा ग्लोव्हसुद्धा देत नाही.

ज्याला दुसरा देश मिळाला, त्याचं काय झालं तेही आपण पाहिलं. सौरभ नेत्रावळकर मुंबईचा क्रिकेटपटू. २०१०च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, मुंबईकडून रणजीचा एक सामना मिळाला, मग २०१५ साली शिकायला अमेरिकेला गेला. १२ जून २०२४ला न्यूयॉर्कमध्ये त्याने अमेरिकेकडून विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं आणि पाठोपाठ रोहित शर्मालाही. त्या रात्री आमच्या सोसायटीत भारताच्या विकेटवर टाळ्या वाजल्या, पहिल्यांदाच. क्रिकेटमध्ये गर्दी आहे, एखादा निसटला तर समजू शकतो. पण बेसबॉलमध्ये कुठे आहे गर्दी?

आणि मोठा देश, मोठा पैसा लागतो हेही मला कोणी सांगू नये. ११ मार्च २०२३, टोकियो डोम, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमधला जपानविरुद्धचा सामना. चेक संघाचा पिचर ओंद्रेइ सातोरिया हा पेशाने इलेक्ट्रिशियन. प्रशिक्षक पावेल खादिम मेंदूविकारतज्ज्ञ. संघातला आणखी एक जण अग्निशमन दलात. सातोरियाने संथ चेंडू टाकून जपानच्या शोहेई ओहतानीला बाद केलं. चेक संघ १०-२ने हरला, पण पुढे ओहतानी मायामीच्या विमानतळावर उतरला तो चेक संघाची टोपी घालून. रोज कामावर जाणारी माणसं होती ती. त्यांच्या हातात ग्लोव्ह मात्र आपापल्या मापाचे होते.

आमच्याकडची यादी कशी येते ते सांगतो. एका स्पर्धेची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली रात्री नऊनंतर, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. तिकिटाचे आणि जर्सीचे पैसे पालकांनी भरायचे. यादीत दोन नावं अशी होती की चाचणीच्या दिवशी मैदानावर ती कोणीच पाहिली नव्हती. विचारायचं कोणाला? फोन उचलत नाहीत. पालकही गप्प बसतात, कारण प्रमाणपत्र हवं असतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. त्यासाठी खेळणाऱ्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. कोराडीच्या किंवा हिंगण्याच्या घरातून सायकल मारत आलेल्या पोराला तेवढा आधार हवाच. पण म्हणूनच यादी चोख हवी. चाचणीनंतर सगळ्यांचे गुण भिंतीवर लागले पाहिजेत, संघ निघायच्या निदान तीन आठवडे आधी.

२०१६ साली दक्षिण कोरियातल्या गिजांगला महिलांचा बेसबॉल विश्वचषक झाला. बारा संघांत भारत होता. तिथवर आपल्या मुली पोचल्या आहेत, दहा वर्षांपूर्वीच. २०२८ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही येतायत. क्रिकेटच्या संघाची यादी बाहेर पडेल तेव्हा पानटपरीवरही चर्चा होईल, अमुकला का घेतलं, तमुकला का वगळलं. अशीच भांडणं मला बेसबॉलच्या यादीवर ऐकायची आहेत.

“मामा, लेफ्टीचा ग्लोव्ह बर्डीवर भेटतच नाही,” असं भाची दोन वर्षांपासून सांगतेय. मी मनावर घेतलं नव्हतं, ही चूक माझी. रविवारी तिला घेऊन बर्डीच्या बाजारात गेलो. दोन दुकानांत दुकानदाराने शेल्फवरचा नेहमीचाच काढून दिला आणि म्हणाला, उलटा घालून पाहा. तिसऱ्याने मात्र तिचा उजवा पंजा काउंटरवर ठेवायला सांगितला, टेप लावली, वहीत लिहून घेतलं : बारा इंची, उजवा हात, एक नग. मग मान वर करून विचारलं, “अजून कोणी लेफ्टी आहे का तुमच्या संघात?” भाचीने बोटांवर मोजलं. तीन निघाल्या.