तोटा झाला की चित्र

दहा धंद्यांत पैसे घालून नऊ बुडाले तरी दहाव्याबद्दलच भरभरून बोलणारा गृहस्थ सगळ्यांच्या ओळखीचा असतो. जपानी गुंतवणूक कंपनी सॉफ्टबँकेचा मासायोशी सन हा त्या घराण्याचा मूळपुरुष. जग त्याला लाडानं 'मासा' म्हणतं. इतर मासे गळाला लागतात, हा स्वतःच गळ टाकतो. लोक त्याला जुगारी म्हणतात, ते काही पटत नाही. जुगारी हरला की मागच्या दारानं सटकतो. सन हरला की पडद्यावर चित्र लावतो. 2020 मध्ये सॉफ्टबँकेच्या गुंतवणूक फंडाला प्रचंड तोटा झाला, तेव्हा चित्रात युनिकॉर्न घोडे कोरोनाच्या दरीत कोसळत होते आणि एक पंखवाला घोडा वर उडत होता. 2022 मध्ये तिमाही तोटा तीन लाख कोटी येनच्या वर गेला, तेव्हा लढाई हरलेल्या तोकुगावा इएयासूचं पडलेल्या चेहऱ्याचं चित्र. बरे दिवस असले की सोन्याची अंडी. ताळेबंद बदलतो, चित्रकला अखंड.

यावर अलिबाबा या चिनी कंपनीचा दाखला हमखास येतो: 2000 साली दोन कोटी डॉलर घातले, 2014 मध्ये शेअरबाजारात त्यांचे हजारो कोटी झाले, मग हा द्रष्टा नव्हे काय? पण अलिबाबाचा संस्थापक जॅक मा याच्या योजनेपेक्षा त्याच्या डोळ्यांतली चमक आपण पाहिली, असं सन स्वतःच सांगतो. तसल्याच भारून टाकणाऱ्या माणसामागे तो वीवर्कमध्ये गेला, आणि 2023 मध्ये वीवर्कनं दिवाळखोरी जाहीर केली. उलट एन्व्हिडियाचे शेअर 2019 मध्येच विकून टाकले; म्हणजे खरा पंखवाला घोडा तबेल्यात असताना यानं बाजारात नेला. दुसऱ्यांच्या पैशावर चित्रं काढणं सोपं, हा आक्षेप मात्र अर्धाच खरा. डॉट-कॉमच्या पडझडीत सुमारे 70 अब्ज डॉलर गेले, ते त्याच्या स्वतःच्या संपत्तीतले.

एवढं झाल्यावर नाइलाजानं एक गोष्ट मान्य करावी लागते. त्याचं बालपण जपानमधल्या तोसूच्या कोरियन वस्तीत गेलं. घरचे 'यासुमोतो' हे जपानी आडनाव लावत. जपानी नागरिकत्व घेताना त्यानं 'सन' हे कोरियन आडनावच हवं म्हणून हट्ट धरला. असं आडनाव कुणाही जपान्याचं नाही, म्हणून सरकारनं नकार दिला. तेव्हा त्याच्या जपानी बायकोनं आधी स्वतःचं आडनाव बदलून 'सन' केलं आणि मग यानं तिचाच दाखला पुढे केला. ज्याला आपलं नावसुद्धा आधी पुरावा घडवून मग मिळालं, त्याला नफ्याचं चित्र आधी आणि नफा मागाहून, हा क्रम उलटा कसा वाटावा?